ड — मला विचारणे

त्या घरात ज्या वस्तूवर चिठ्ठी नाही ती वस्तू नाहीच, असा नियम होता. नियम बाबांचा. बाबांनी छत्तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत काढली होती. बाटलीवर चिठ्ठी नसेल तर माणूस पाणी समजून काय पिऊन बसेल याचा भरवसा नाही, हे त्यांचं मत तिथेच पक्कं झालं होतं. निवृत्तीनंतर बाटल्या सुटल्या, पण मत काही सुटलं नाही. पांढऱ्या डॉक्टरी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर निळ्या शाईत हुकूम: पाण्याच्या पंपावर 'आधी झडप, मग खटका'. मिक्सरवर 'रिकामा फिरवू नये'. शिडीवर 'तिसऱ्या पायरीवर विश्वास ठेवू नये'. आई म्हणायची, "एक दिवस माझ्याही कपाळावर लावतील." त्यावर बाबा गंभीरपणे म्हणाले होते, "तुझ्यावर काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये."

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या, त्यामुळे पंप चालला, मिक्सर चालला, शिडीनेही कुणाला दगा दिला नाही. अडलं ते गाडीपाशी.

गाडी तीन महिने फाटकाच्या आत उभी होती. सोमवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून रविवारी सकाळी थोरलीने गाडीच्या वायरिंगचं काम करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. थोरली म्हणजे मोठी मुलगी. ती मुद्रितशोधक होती, दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढून तिची उपजीविका चालायची. मिस्त्रीने मेलेली बॅटरी जिवंत केली, गाडी सुरू करून दिली आणि म्हणाला, "अर्धा तास बंद करू नका. केलीत तर पुन्हा मलाच बोलवावं लागेल. मी अकरापर्यंत दुसऱ्या कामावर आहे." आणि तो गेला.

थोरली स्टिअरिंगपाशी बसली. समोरच्या काचेला चिकटवलेला एक डोळा हळूच लाल झाला आणि बाईच्या आवाजात म्हणाला, "रेकॉर्डिंग सुरू झालं आहे."

ती इतकी दचकली की हॉर्न वाजला.

समोरचा रस्ता टिपणारा हा कॅमेरा धाकट्या भावाने दिलेला. तो परगावी असतो. वडिलांना वर्षातून एकदा भेटायला येणं जमायचं नाही, तेव्हा तो यंत्र पाठवायचा. तिने त्याला फोन लावला.

"अरे, तो कॅमेरा बोलतोय."

"चालू झाला?" धाकटा एकदम ओरडला. "ताई, बंद कर आधी! कार्ड भरलेलं असतं त्याचं. भरलं की तो सगळ्यात जुनं पुसतो आणि त्या जागी नवं लिहितो. आत बाबा असतील गं. त्यांचा आवाज."

घरात बाबांचा आवाज कुठेच नव्हता. फोटो होते, हस्ताक्षर तर भिंतीभिंतीवर होतं, पण आवाज म्हणून काही नव्हतं. बाबा फोनवर 'हं' आणि 'ठेवतो' एवढंच बोलत.

"म्हणजे मी इथे एक मिनिट बसले की..."

"बाबांचं एक मिनिट जाणार. बंद कर!"

"वायर उपटू?"

"नाही नाही! लिहिताना वीज गेली तर कार्डच बिघडतं. नीट बंद करायचा असतो तो."

"नीट म्हणजे कसा?"

"माझ्याकडचा वेगळा आहे," धाकटा म्हणाला. "एखादं बटण असेल बघ."

बटणं होती. एक सोडून चार. पण त्यांच्यावरच्या मूळ खुणा कुणाला दिसत नव्हत्या, कारण चारही बटणांवर चिकटपट्टीचे चिमुकले चौकोन होते आणि त्यांवर लिहिलं होतं: अ, ब, क, ड. पुढचं सांगायला नकोच. याची फोड 'घरातील यंत्रे' नावाच्या वहीत असणार. थोरली घरात धावली, चालू इंजिनाची राखण करायला आईला गाडीत बसवून. वहीत पान सापडलं.

अ — हात लावू नये.
ब — हात लावू नये.
क — बाईचा आवाज कमी करणे.
ड — मला विचारणे.

थोरलीने पान तीनदा वाचलं. वाक्यात चूक सापडली नाही, हीच अडचण होती. पंपाच्या पानावर आठ कलमं होती. नुसत्या शिट्टीच्या किटलीवर पाच. आणि इथे, जिथे खरी गरज, तिथे 'मला विचारणे'.

ती परत आली तेव्हा आई कॅमेऱ्यासमोर पदर सावरून बसली होती.

"काय लिहिलंय?"

"क दाबला की बाईचा आवाज कमी होतो."

"कुठल्या बाईचा?" आईने विचारलं, आणि वहीत स्वतः वाचून पाहिल्याशिवाय तिचं समाधान झालं नाही.

अर्धा तास कसाबसा भरला. बाबांची तीस मिनिटं गेली. त्यांच्या बदल्यात कार्डावर काय आलं, तर बंद फाटक, आणि आईचा आवाज: "तू जेवणाची वेळ पाळत नाहीस." थोरलीने इंजिन बंद केलं. आता तरी डोळा मिटेल असं तिला वाटलं. डोळा मिटला नाही, नुसता बारीक झाला. बाई म्हणाली, "पहारा सुरू झाला आहे."

धाकट्याने फोनवर खुलासा केला. गाडी उभी असताना समोर काही हललं की कॅमेरा जागा होतो आणि लिहायला लागतो. काही हललं नाही तर गप्प बसतो.

"म्हणजे आता समोर कुणी यायचं नाही," थोरली म्हणाली.

ती हे म्हणाली आणि शेजारचे काका समोर आले.

काकांचं आणि त्या घराचं नातं फाटकाच्या उजव्या खांबावरून होतं. काका जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे खिशात मोजपट्टी कायमची. दोन वर्षांपूर्वी त्या खांबाचा एक टवका उडाला होता. बाबांचं म्हणणं, हे काम काकांच्या स्कूटरचं. काकांचं म्हणणं, स्कूटर त्या दिवशी दुरुस्तीला होती. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता, वर्तमानपत्र घ्यायच्या निमित्ताने, दोघं खांबाच्या दोन बाजूंना उभे राहत. काका टवक्याची उंची मोजत, मग स्कूटरच्या हँडलची उंची सांगत. बाबा मोजपट्टीवर अविश्वास दाखवत. साडेसातला दोघं चहाला आपापल्या घरी जात. दोन वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती. गेल्या तीन महिन्यांत काका वर्तमानपत्र घ्यायला बाहेरच येत नव्हते, त्यांच्या सूनबाई येत.

"काय बिघडलंय?" काकांनी वाकून काचेतून आत पाहिलं. डोळा मोठा झाला.

"काका, बाजूला व्हा! तो लिहितोय तुम्हाला!"

"मला? कशासंबंधी?" काका दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

थोरलीने सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मोजपट्टीने कॅमेऱ्याची लांबी-रुंदी घेतली (त्यात बाबांचं आणखी एक मिनिट गेलं) आणि निर्णय दिला, "डोळे झाकले की झोप लागते. माणसाला काय आणि यंत्राला काय. कापड टाका."

कापड म्हटल्यावर समोरच्या मावशी आल्याच. मावशी घरी शिवणकाम करत, आणि नुसतं कापड टाकणं हा त्यांना धंद्याचा अपमान वाटला. त्यांनी गळ्यातल्या टेपने माप घेतलं, काका आणि त्यांच्यात अर्ध्या सेंटिमीटरवरून मतभेद झाला, आणि वीस मिनिटांत अस्तर लावलेलं, नाडीचं, नीटस टोपरं तयार होऊन आलं. कॅमेऱ्याला ते इतकं बेतशीर बसलं की मावशी हात जोडून जराशा लांब उभ्या राहिल्या.

बारीक लाल उजेड टोपऱ्यातूनही दिसत होता. डोळा झाकला होता, कान उघडे होते. काचेवरचा हात, मावशींचं 'आता कसं शोभतंय', काकांचं खोकणं, सगळं बाबांच्या जागी लिहिलं जात होतं, आणि चित्र म्हणून वर मिट्ट काळोख.

"काढा ते," थोरली म्हणाली.

"का? रंग आवडला नाही?" मावशींनी विचारलं.

मिस्त्रीचा फोन वाजत होता, तो उचलत नव्हता. धाकट्याने कंपनीच्या मदत केंद्राचा नंबर पाठवला. काका आणि मावशींना गाडीपासून दहा पावलांवर उभं करून थोरली घरात आली. दहा पावलं काकांनी स्वतः मोजली.

मदत केंद्रातली मुलगी फार गोड होती.

"नोंदणी केलेल्या मालकांशी बोलू शकते का मी?"

"ते वारले. मी त्यांची मुलगी."

"ऐकून वाईट वाटलं, मॅडम. ते कधीपर्यंत उपलब्ध होतील?"

थोरलीने आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली होती. या प्रश्नाचं उत्तर त्यांपैकी एकाही पुस्तकात खात्रीलायक दिलेलं नव्हतं. "नाही होणार," ती म्हणाली.

"मग मालकाचं नाव बदलून घ्यावं लागेल. त्यासाठी मालकांची सही लागेल."

"वारलेल्या मालकांची?"

"आधीच्या मालकांची," मुलीने नम्रपणे दुरुस्ती केली. "किंवा मालकांनी ठरवलेल्या गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या. प्रश्न असा आहे: तुम्ही कुणाला घाबरता?"

थोरलीने फोन झाकून आईकडे पाहिलं. "बाबा कुणाला घाबरायचे?"

"कुणाला नाही," आई म्हणाली. "पालीला थोडे."

"पाल."

"चुकीचं उत्तर. दोन संधी उरल्या."

"बायको?" थोरलीने फोनमध्ये म्हटलं.

"बरोबर," मुलगी म्हणाली.

आईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "मला कधी बोलले नाहीत ते." त्यात राग किती आणि दुसरं काय किती, ते थोरलीला कळलं नाही.

"कॅमेरा बंद करण्यासाठी," मुलगी म्हणाली, "पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा."

"चारांपैकी कुठलं?"

"ज्यावर पॉवरची खूण आहे ते, मॅडम. खूण नीट दिसतेच. आणखी काही मदत?"

थोरली बाहेर धावली. दहा पावलांवर कुणीच नव्हतं. मावशी गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि काका पुढे. काकांचं बोट ड वर होतं.

"काका, काय केलंत?"

"वहीत आहे म्हणालीस ना, ड ला मला विचारणे. आता विचारायचं कुणाला? मी म्हटलं, बघावं तरी काय होतं."

झालं होतं असं, की बाईने भाषा बदलली होती. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर गोल गोल, मुंग्यांच्या रांगांसारखी लिपी आली होती. काकांनी ती घालवायला ब दाबलं होतं. त्यावर बाई कडक आवाजात एक लांबलचक वाक्य बोलली, आणि पडद्यावर एक ओळ आली. ओळीखाली दोन चौकोन, प्रत्येकात एक-एक शब्द. एक चौकोन लुकलुकत होता.

"काहीतरी विचारतेय," मावशी मागून कुजबुजल्या.

प्रश्न आहे एवढं त्या सुरावरून कुणालाही कळलं असतं. कदाचित 'सगळं पुसू का' असा असेल. कदाचित 'आवाज वाढवू का' असाही असेल. दोन चौकोनांपैकी एक 'हो' होता आणि एक 'नाही', पण कुठला कुठला, हे तिघांपैकी एकालाही सांगता येईना. आयुष्यभर अक्षरं वाचून पोट भरणारी थोरली त्या दोन शब्दांकडे पाहत राहिली. एकात चार मुंग्या होत्या, एकात सहा.

"नकार नेहमी लांब असतो," काका म्हणाले. "खात्यात तसंच असायचं. मंजूर एका शब्दात, नामंजूर पानभर."

"उलट," मावशी म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला 'हो' म्हणायचं तर चार अटी घालाव्या लागतात. 'नाही' दोन अक्षरांत होतं."

"कुणीही कशालाही हात लावू नका," थोरली म्हणाली.

तिने पडद्याचा फोटो धाकट्याला पाठवला. तो बैठकीत होता. त्याचं उत्तर आलं: 'ही कुठली भाषा?'

मग मागून आलेल्या आईने खिडकीतून डोकं आत घातलं आणि म्हणाली, "अगं, तो लाल दिवा गेला की."

खरंच गेला होता. प्रश्न विचारून बाई उत्तराची वाट पाहत होती, आणि वाट पाहताना ती काही लिहीत नव्हती. जोवर कुणी उत्तर देत नाही, तोवर बाबा शाबूत. थोरलीला गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच एखादी गोष्ट नीट चालल्यासारखी वाटली. चौघंही गाडीत बसून राहिली, हात मांडीवर ठेवून, फोटो काढून घेताना बसतात तशी. काकांना शिंक आली ती त्यांनी गिळली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मिस्त्री आला. गाडीत दाटीवाटीने बसलेली चार मोठी माणसं बघून त्याने आधी गाडीखाली वाकून पाहिलं.

"बॅटरी ठीक आहे?"

"बॅटरीचं सोडा. ही काय विचारतेय ते वाचता येतं का तुम्हाला?"

"मी कशाला वाचू?" मिस्त्री म्हणाला. त्याने खिडकीतून हात घातला, कॅमेऱ्याच्या कडेला अंगठा ठेवला आणि मोजायला लागला. "एक... दोन... तीन... चार... पाच."

बाई त्या परक्या भाषेत एकच शब्द बोलली. पडदा काळा झाला.

"हे... हे बटण?" थोरलीने विचारलं. कडेला, चांगलं वाटाण्याएवढं, वर पॉवरची खूण असलेलं पाचवं बटण होतं.

"हेच की. बंद करायचं बटण. समोर तर आहे."

ते सकाळपासून समोर होतं. पण त्याच्यावर चिठ्ठी नव्हती. त्या घरात वाढलेल्या माणसाला ते दिसणं शक्य नव्हतं, आणि काका-मावशी त्याच फाटकाशी इतकी वर्षं राहिल्यामुळे त्यांनाही लागण झाली असावी.

मिस्त्रीने तळाची एक पट्टी सोलली आणि आतून नखाएवढं कार्ड काढून थोरलीच्या तळव्यावर ठेवलं. "उरलंय की गेलं, ते घरात बघा," म्हणाला.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. थोरली, आई, आणि निमंत्रण नसताना काका. मावशी टोपऱ्याची नाडी सोडवत दारात. शंभरावर फायली होत्या. पहिली उघडली: बंद फाटक. दुसरी: काकांच्या नाकपुड्या. मग मोजपट्टी, मावशींचा टेप, काळोख, काळोखात खोकला, पुन्हा नाकपुड्या. त्याच्या मागे गेलं तर तीन महिन्यांपूर्वीचे, बॅटरी मरेपर्यंतचे दिवस: फाटकासमोरून जाणारं मांजर, दिवसभर, येताना आणि जाताना. आवाज पानांचा. बाबा कुठेच नव्हते. पहाऱ्याने बाबांना कधीच पुसून टाकलं होतं, आज सकाळी नव्हे, त्या पहिल्याच आठवड्यांत. सकाळची सगळी धावपळ मांजराला वाचवण्यासाठी झाली होती.

आई उठून उगीच पाण्याचा तांब्या भरायला लागली.

"हा खाली एक वेगळा कप्पा आहे," काका म्हणाले. त्यांना कप्पे लगेच दिसत. "कुलपाचं चित्र आहे त्यावर."

कुलपाच्या चित्राच्या कप्प्यात एकच फाइल होती. दोन वर्षांपूर्वीची. थोरलीने ती उघडली.

फाटक. उघडं. गाडी अगदी हळू पुढे सरकत होती. आणि मग, काहीच सूचना नसताना, टेबलावर बाबांचा आवाज आला.

"बंद हो म्हणतो ना. अ दाबला. ब दाबला. आता काय दाबू, डोकं?"

"रेकॉर्डिंग सुरू झालं आहे," बाई म्हणाली.

"ठाऊक आहे मला! ते बंद कसं करायचं ते बोला!"

खांब उजवीकडून जवळ आला. आणखी जवळ आला. मग धप्प असा आवाज, चित्र हललं, आणि सिमेंटचा एक टवका उडून बॉनेटवर पडला.

"...कुणी पाहिलं नाही," बाबा हळूच म्हणाले.

"धक्का नोंदवला आहे," बाई म्हणाली. "फाइल कायमची सुरक्षित ठेवली आहे."

"कुणाला विचारून?" बाबा म्हणाले. मग एक उसासा. "राहू दे. वहीत लिहून टाकतो, मला विचारा म्हणून. कोण येतंय विचारायला."

मिनिट संपलं.

तांब्या भरून वाहत होता. आईने नळ बंद केला नाही. थोरली काकांकडे बघू शकत नव्हती. दोन वर्षं, रोज सकाळी, या माणसाला खोटं पाडलं गेलं होतं.

काका दोन्ही हात मागे बांधून उभे होते. "पुन्हा लाव," ते म्हणाले.

तिने लावलं. ते संपल्यावर म्हणाले, "आणखी एकदा." तिसऱ्यांदा धप्प झालं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "बेचाळीस सेंटिमीटर. मी म्हणत होतो. स्कूटरचं काहीच तिथे लागत नाही. मी दुरुस्तीची पावतीसुद्धा दाखवली होती त्यांना."

"मग?"

"म्हणाले, पावतीवर खांबाचा उल्लेख नाही."

आई म्हणाली, "त्यांच्या वतीने मी माफी..."

"छे छे," काका घाईघाईने म्हणाले. "त्याची काही गरज नाही." आणि निकाल आपल्या बाजूने लागलेला माणूस जसा जायला हवा तसे ते गेले नाहीत. दारात चप्पल शोधत राहिले. चप्पल पायातच होती.

दुपारी थोरलीने 'घरातील यंत्रे' वही उघडली. ड च्या खाली आपल्या अक्षरात लिहिलं: 'इ — कडेचे बटण. पाच मोजेपर्यंत दाबणे.' बाबांच्या ओळीला तिने हात लावला नाही. कार्ड एका छोट्या डबीत ठेवलं, डबीवर चिकटपट्टी लावली, आणि काय लिहावं ते सुचेना म्हणून ती तशीच कोरी ठेवली.

सोमवारी सकाळी सात वाजता ती वर्तमानपत्र घ्यायला बाहेर गेली. काका खांबापाशी आले होते. मोजपट्टी उघडून टवक्याला लावली होती, पण वाचत नव्हते. तिला पाहून त्यांनी ती गुंडाळायला घेतली.

थोरली खांबाच्या अलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. वर्तमानपत्र काखेत धरलं, बाबा धरायचे तसं.

"काका," ती म्हणाली, "खरं सांगा. स्कूटर तुमचीच होती ना?"

काका क्षणभर बघत राहिले. मग पाठ ताठ झाली, मोजपट्टी पुन्हा सरसर उघडली.

"मुळीच नाही!" ते ओरडले. "पावती आहे माझ्याकडे! थांब तू, आणतो!"